बालवर्गाचे पहिले आठवडे: घरी काय करावं आणि काय राहू द्यावं

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगा साडेचार वर्षांचा, जूनच्या मध्यापासून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ज्युनियर केजीला जातो. तीन आठवडे झाले तरी फाटकाशी रडतो. शाळेत काय झालं असं विचारलं की "काही नाही" म्हणतो आणि घरी आल्यावर पोळी मोडून दिली एवढ्यावरून जमिनीवर लोळण घेतो. रोज एक पान उभ्या रेषा, एक पान आडव्या रेषा लिहून न्यायच्या असतात आणि त्यावरून रोज संध्याकाळी तुमची त्याच्याशी झटापट होते. घरीही इंग्रजी बोला, असं शाळेनं सांगितलंय. शेजारची त्याच्याच वर्गातली मुलगी शंभरपर्यंत आकडे म्हणते. तेव्हा शिकवणी लावावी का?

शिकवणी लावू नका. हे आधी सांगते, कारण बाकीचं सगळं बोलणं यावरच उभं आहे.

तुमचा मुलगा सध्या रोज साडेतीन तास काय करतोय ते बघा. तीस मुलांत एका बाईंचं लक्ष वाटून घेतोय. घसरगुंडीवर आपला नंबर येईपर्यंत थांबतोय. घंटा झाली की हातातलं खेळणं अर्धवट खाली ठेवतोय. ज्यांना तीन आठवड्यांपूर्वी कधी पाहिलंही नव्हतं त्या मावशींना "शूला जायचंय" असं सांगायचं धैर्य गोळा करतोय. डब्याचं झाकण आपलं आपण उघडतोय. आणि हे सगळं ज्या भाषेत चाललंय ती त्यानं आजवर फक्त टीव्हीवर ऐकली आहे. हा अभ्यासच आहे, आणि फार अवघड अभ्यास आहे. साडेबाराला तो घरी येतो तेव्हा त्याची शक्ती संपलेली असते. त्याच मुलाला संध्याकाळी आणखी तासभर कुणापुढे तरी बसवलं तर तो एवढंच शिकेल की शिकणं म्हणजे आईपासून दूर जाणं. मी सव्वीस वर्षं बालवर्गात शिकवते आहे. ही समजूत एकदा मनात बसली की ती काढायला किती वर्षं लागतात, ते मी पाहिलंय.

सकाळच्या रडण्यापासून सुरुवात करू. निरोप छोटा ठेवा, रोज तोच ठेवा आणि लपून कधीही जाऊ नका. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका आजोबांना मीच सांगितलं होतं, "नातू झोपाळ्याकडे बघतोय, तेवढ्यात निघा तुम्ही." ते निघाले. मुलानं मागे वळून पाहिलं, आजोबा नव्हते. त्यानंतर जवळजवळ महिनाभर तो वर्गात पाठ टेकून बसला नाही. तोंड कायम दाराकडे. आपली माणसं न सांगता नाहीशी होतात हे त्याला कळलं होतं आणि ते मी शिकवलं होतं. तेव्हापासून मी कुणालाही तो सल्ला दिलेला नाही.

"मी बाहेरच बसलेय" असं खोटंही सांगू नका. चार वर्षांच्या मुलाला साडेबारा म्हणजे काय ते कळत नाही, पण क्रम कळतो. "आधी प्रार्थना, मग खेळ, मग डबा, मग गोष्ट, आणि गोष्ट संपली की आजी फाटकाशी." रोज हेच वाक्य, याच क्रमानं. शाळेचा क्रम बाईंना विचारून घ्या, म्हणजे तुमचं वाक्य खरं ठरेल. आणि न्यायला येणाऱ्या आजी रोज पाच मिनिटं आधीच पोचायला हव्यात. सगळी मुलं गेली आणि आपलंच माणूस आलं नाही, ही पाच मिनिटं लहान मुलाला फार लांब वाटतात.

बहुतेक मुलांचं फाटकावरचं रडणं आत गेल्यावर थोड्याच वेळात थांबतं. तुमच्या मुलाचं थांबतं का, हे बाईंना विचारा. घरबसल्या अंदाज बांधू नका. दर सोमवारी थोडं वाढेल. गणपतीच्या सुट्टीनंतर जवळजवळ पहिल्यापासून सुरू झाल्यासारखं वाटेल, पण तेव्हा ते लवकर ओसरतं.

आता घरची आदळआपट. मुलानं साडेतीन तास स्वतःला आवरून धरलेलं असतं. घर ही त्याची हक्काची जागा आहे, म्हणून तो तिथे सुटतो. पोळी हे निमित्त असतं. त्या वेळी समजावून सांगायला जाऊ नका, कारण त्याच्या कानात काही शिरत नाही. आल्यावर हातपाय धुऊन आधी काहीतरी खायला द्या आणि अर्धा तास त्याला काहीही विचारू नका, असं आजींनाही सांगून ठेवा. दारातच "आज काय शिकवलं?" असं विचारलं की "काही नाही" हेच उत्तर येणार. त्याच्या दृष्टीनं ते खरंही आहे, कारण दिवसभरात जे घडलं त्याला 'शिकवणं' म्हणतात हे त्याला माहीत नाही.

विचारायचंच असेल तर रात्री अंथरुणात विचारा, आणि आधी तुमच्या दिवसातलं काहीतरी सांगा. "आज ऑफिसात माझा डबा सांडला, मला रडूच येणार होतं." मग बघा, तो आपणहून सांगेल की आज अमकीचाही डबा सांडला आणि मावशींनी पुसून घेतलं. प्रश्न नेमका असावा. डबा खाताना शेजारी कोण होतं? आज कोण रडलं? बाईंच्या साडीवर, ड्रेसवर काय होतं?

याहूनही चांगला उपाय म्हणजे शाळा-शाळा खेळणं. रविवारी त्याला बाई होऊ द्या आणि तुम्ही, आजी, दोन बाहुल्या आणि एखादी उशी यांनी विद्यार्थी व्हायचं. बाई कशा बोलतात, कोणाला ओरडा बसतो, रांगेत कोण ढकलतं, सगळं तुमच्यासमोर येईल. मध्ये दुरुस्त्या करू नका. मुलगा बाई झालेला असताना उशीला फार मारत असेल, रोज मारत असेल, तर ते मनात नोंदवून ठेवा आणि शाळेत जाऊन शांतपणे चौकशी करा. एक मात्र पाळा: "थांब, तुझ्या बाईंनाच सांगते" ही धमकी घरात कुणी द्यायची नाही. ज्या माणसाच्या आधारानं त्याला दिवस काढायचाय, त्याच माणसाचा बागुलबुवा करून चालणार नाही.

शरीराकडे बघू. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून चोवीस तासांत १० ते १३ तास झोप लागते. सकाळी सव्वासातला उठवत असाल आणि दुपारी तासभर झोपत असेल, तर रात्री साडेनऊपर्यंत डोळा लागलेला हवा. मला माहीत आहे, बऱ्याच घरांत बाबा सव्वानऊला येतात आणि मग खेळ सुरू होतो. त्याऐवजी बाबांनी सकाळी शाळेत सोडायला जावं. ती वीस मिनिटं दोघांचीच. झोपेआधीचा तासभर टीव्ही आणि फोन बंद. सकाळी रडणाऱ्या मुलांपैकी कितीतरी मुलं खरं तर झोप पुरी न झालेली असतात.

डबा घरी रंगीत तालीम करून द्या. नवा डबा, नवी बाटली आणून थेट दप्तरात टाकली जाते आणि वर्गात तीस झाकणं उघडायला बाई एकट्या असतात. रविवारी त्याला सतरंजीवर बसवा, त्याचा डबा त्यालाच उघडू द्या, खाऊन बंद करू द्या. पंधरा मिनिटांत संपेल एवढंच द्या. चड्डीला बटण आणि पट्टा नको, इलॅस्टिक हवं. आणि शीचा प्रश्न गंभीरपणे घ्या. पुष्कळ मुलं शाळेत शीला जायला लाजतात किंवा तिथलं भांडं वेगळं म्हणून धरून ठेवतात, मग खडा होतो, मग पोट दुखतं, आणि आपल्याला वाटतं शाळा नको म्हणून पोटदुखीचं नाटक करतोय. सकाळी दूध किंवा नाश्ता झाल्यावर दहा मिनिटं निवांत बसू द्या, त्यासाठी लागलं तर लवकर उठवा. पावसाळ्यात दप्तरात मोज्यांचा जास्तीचा जोड आणि चड्डी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. ओल्या मोज्यांत तीन तास बसलेलं मूल काहीही शिकत नाही.

आता रेषांची पानं. इथे मला मनापासून राग येतो, तो तुमच्यावर नाही. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेची, म्हणजे मऊ आणि एक्स-रेत न दिसणारी असतात आणि वर्षानुवर्षं एकेक करून त्यांचं हाड होत जातं. साडेचार वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर त्यातली काही अजून दिसणारही नाहीत. शेवटचं दिसायला साधारण नऊ ते बारा वर्षांचं वय यावं लागतं. अशा हातात टोकदार पेन्सिल देऊन चाळीस सारख्या रेषा काढायला लावायच्या, ही घाई कशासाठी? पहिलीला अजून दोन वर्षं आहेत. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचा जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये आला, त्यातही सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना नेमलेलं पाठ्यपुस्तक नसावं आणि शिकणं खेळातून व्हावं असंच म्हटलंय.

तरी शाळेनं पान दिलंय, त्याचं काय करायचं? पाच मिनिटं बसा, घड्याळ लावून. जेवढ्या रेषा होतील तेवढ्या. त्याचा हात धरून बाकीच्या तुम्ही काढू नका. वहीत सुंदर रेषा दिसतील, पण बाईंना त्याचा खरा हात कधीच दिसणार नाही. उरलेलं पान कोरं राहू द्या आणि खाली लिहा, "एवढं झाल्यावर हात दुखला, म्हणून थांबलो." माझ्या वहीत अशी नोंद आली की मी त्या आईचे मनात आभार मानते.

आणि हात तयार करायचा तर स्वयंपाकघरात करा. तिथल्यासारखी कार्यशाळा कुठल्या शिकवणीत नाही. कणकेचा गोळा तिंबायला दिला की तळहात आणि खांदा तयार होतो. मटार सोलणं, लसूण सोलणं, मेथीची पानं खुडणं यांत अंगठा आणि दोन बोटं एकत्र येतात, आणि पेन्सिल धरायला हीच तीन बोटं लागतात. डाळीतले खडे निवडताना डोळा आणि बोट जोडीनं काम करतात. कपडे वाळत घालताना चिमटे लावणं हे तर मी वर्गातही मुद्दाम करून घेते. ताटात तांदूळ किंवा रवा पसरून बोटानं रेघोट्या, रंगाचा कुंचा पाण्यात बुडवून गच्चीच्या भिंतीवर पाण्याची चित्रं, फरशीवर खडू. आधी मोठी रेघ, खांद्यातून येणारी. बारीक रेघ पुढे आपोआप येते. खडूचे तुकडे करून द्या. तुकडा मुठीत धरता येत नाही, बोटांतच धरावा लागतो.

हे मी नवीन काही सांगत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. महागडी साधनं आणणं शक्य नव्हतं, म्हणून शिंपले, बिया, पानं, दगड हीच शिकण्याची साधनं झाली. मुलं शाळेपर्यंत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथूनच आलेला. मुलाच्या भोवतीच्या वस्तूंमधून शिकवायचं, हा आपल्याकडचा जुना आणि पारखून घेतलेला मार्ग आहे. तुमच्या ओट्यावर आज जे आहे ते त्यांच्या बालवाडीत होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

शेजारच्या मुलीचं शंभरपर्यंत म्हणणं ही पाठांतराची गंमत आहे. वाईट काही नाही, पण तिला सात चमचे आणून द्यायला सांगा आणि बघा. मोजणं म्हणजे एका वस्तूला एक आकडा, कुठलीही सुटली नाही, कुठलीही दोनदा आली नाही, आणि शेवटी म्हटलेला आकडा हीच एकूण संख्या. हे कळायला वेळ लागतो. जेवायला किती माणसं, मग ताटं किती? बाबा उशिरा येणार, मग आत्ता किती? पायऱ्या चढताना मोजा, लाडू वाटताना मोजा. दहापर्यंत पक्कं झालं की या वर्षाला पुरे. मोठे आकडे आत्ताच नकोत याला आणखी एक कारण आहे. मराठीत 'एकवीस' म्हणताना एक आधी येतो आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी. इंग्रजीत म्हणतानाही वीसच आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला होता. तो वाद बाजूला ठेवू, पण मुलांची अडचण खरी आहे, आणि तुमच्या मुलाच्या डोक्यात तर दोन्ही भाषा एकदम येणार आहेत. त्याच्या हातात आधी वस्तू येऊ द्यात.

आता इंग्रजीचं. घरी मराठीच बोला. भरपूर बोला, चांगलं बोला, लांब वाक्यांत बोला. ज्या भाषेत आई रागावते, लाड करते, भूतकाळातल्या गोष्टी सांगते, त्या भाषेत मुलाच्या मनात 'का', 'म्हणून', 'पण', 'जर' यांची घडण होते. ती एकदा झाली की दुसऱ्या भाषेत त्याला फक्त नवे शब्द आणि नवे उच्चार शिकावे लागतात. आपण घरी तुटक इंग्रजी बोलायला लागलो की "कम", "सिट", "ईट फास्ट" एवढ्यावर संवाद येऊन थांबतो आणि आजी तर गप्पच होतात. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय. तुम्ही माध्यम निवडलं आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण त्यामुळे घराची जबाबदारी वाढली आहे.

शाळेत अडू नये म्हणून चार वाक्यं मात्र पाठ करून द्या, खेळात, बाहुल्यांकडून वदवून: "मे आय गो टू टॉयलेट", "वॉटर प्लीज", "हेल्प मी प्लीज", "माय टमी इज पेनिंग". शेवटचं वाक्य इंग्रजीच्या शिक्षकांना खटकेल. खटकू द्या, बाईंना कळल्याशी कारण.

अक्षरांआधी कान तयार होतो. भाजीला जाताना रस्त्यात खेळा: 'क'नं सुरू होणारं काय काय दिसतंय? काकडी, कुत्रा, केळी. मग शेवटचा आवाज: बस, रस, ऊस. टाळ्या वाजवत शब्द मोडा, टो-मॅ-टो, भों-ड-ला. हे खेळता येणाऱ्या मुलाला पुढे 'ग म भ न' वाचायला जड जात नाही. आणि रोज रात्री एक पुस्तक, मांडीवर घेऊन, बोट चित्रावर. तेच पुस्तक वीस दिवस मागितलं तर वीस दिवस वाचा. पुढे काय येणार हे आधीच माहीत असणं त्याला सध्या फार हवंय, कारण दिवसभर त्याला काहीच आधी माहीत नसतं. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट यांची मराठी चित्रपुस्तकं परवडणारी आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, त्या तुम्ही फोनवर पाहून तोंडी सांगा. आजींना मात्र पुस्तकाची गरज नाही. त्यांना सांगा, त्याच्या बाबांच्या लहानपणच्या खोड्या सांगा.

काळजी कधी करायची? सहा-सात आठवड्यांनंतरही रडणं रतीभर कमी झालं नाही, किंवा आत गेल्यावरही तासन्‌तास थांबत नसेल. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होऊन टिकून राहिलं. खाणं, झोप दोन्ही उडालं. घरच्यांखेरीज कुणालाच त्याचं बोलणं कळत नाही, हाक मारली तर बऱ्याचदा वळून बघत नाही, टीव्हीला नाक लावून बसतो. यातलं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जा, कान आणि डोळे तपासून घ्या. 'हट्टी' म्हणून माझ्याकडे आलेल्या एका मुलीला एका कानानं जवळजवळ ऐकू येत नव्हतं. बाई तिच्या त्या बाजूला उभ्या राहून सूचना द्यायच्या. बाई म्हणजे मीच. मला दोन महिने कळलं नाही.

उद्या डायरीत बाईंना चार ओळी लिहा. मी लिहिलं असतं ते असं: "आत आल्यावर साधारण किती वेळ रडतो? डबा कोणाबरोबर खातो? शूला स्वतःहून सांगतो का? रेषा सध्या रोज पाच मिनिटंच काढतो आहे, बाकी वेळ घरी कणीक आणि मटार. यात काही बदलायला हवं असेल तर कळवा, मी शनिवारी भेटायला येऊ शकते."